टाट्राचा आकडा खरा, पण कोणाचा?

आज एकाच गाडीबद्दल बोलायचं आहे, खरं तर तिच्या एका आकड्याबद्दल. चेकोस्लोव्हाकियातली टाट्रा ८७, हान्स लेडविन्का यांच्या हाताखाली घडलेली आणि १९३६ साली लोकांसमोर आलेली. आकार पॉल यारे यांच्या कल्पनेवर बेतलेला, पाठीवर माशासारखा पर, आणि इंजिन मागे. तिचा ड्रॅग गुणांक ०.२४४, असं तुम्ही अनेकदा वाचलं असेल.

आकडा खोटा नाही. फक्त तो गाडीचा नाही, एकास पाच प्रमाणातल्या मॉडेलचा आहे. १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या विंड टनेलमध्ये खरीखुरी टाट्रा ८७ उभी केली, तेव्हा उत्तर आलं ०.३६. जवळजवळ दीडपट!

असं काही निघालं की लगेच रेनॉल्ड्स अंकाकडे बोट दाखवलं जातं. साध्या भाषेत सांगायचं तर मॉडेल पाचपट लहान, म्हणून प्रवाह तसाच वागायला हवा असेल तर वारा पाचपट वेगाने सोडावा लागतो. ताशी १०० किलोमीटरची गाडी तपासायला ताशी ५०० चा वारा! तेवढ्या वेगाला हवा दबायला लागते आणि वेगळेच प्रश्न उभे राहतात. म्हणून चाचणी कमी वेगावर होते. इथवर सगळं बरोबर.

पण दिशा बघा ना. रेनॉल्ड्स अंक कमी असला की पृष्ठभागालगतचा हवेचा थर संथ राहतो, वळणावर लवकर सुटतो, मागे भोवऱ्यांचा पट्टा रुंद होतो. म्हणजे या कारणाने मॉडेलचा ड्रॅग सहसा जास्त यायला हवा. इथे तर उलटं झालंय. तेव्हा दोष रेनॉल्ड्सच्या माथी मारणं मला पटत नाही.

माझ्या मते उत्तर मॉडेलवर काय नव्हतं त्यात आहे. अशा मॉडेलचं अंग गुळगुळीत असतं. खऱ्या गाडीला खाली ॲक्सल असतात, दारांना फटी असतात, दिवे, बंपर, आणि टाट्राचं इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे ती हवा आत घ्या, फिरवा, बाहेर सोडा. हे सगळं वाऱ्याकडून वसुली करतं.

यात एकाचं नुकसान झालं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. एडमुंड रुम्प्लर यांची १९२१ ची ट्रॉप्फनवॅगन, म्हणजे थेंबाच्या आकाराची गाडी. तीही फोक्सवॅगनच्या त्याच टनेलमध्ये मोजली गेली, आणि आली ०.२८. खरी, पूर्ण आकाराची गाडी! मॉडेलचा आकडा धरला तर टाट्रा पुढे, गाडीशी गाडी लावली तर पंधरा वर्षं आधीची रुम्प्लर पुढे. मग क्रम लावताना दोन्ही आकडे एकाच रांगेत कसे बसवता येतील? (गुणांक म्हणजे बळ नव्हे, समोरचं क्षेत्रफळही गुणायचं असतं, हे वेगळं.)

म्हणून मॉडेल टाकून द्यायची का? मुळीच नाही. फॉर्म्युला वनमध्ये नियमानुसार जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल आणि सेकंदाला ५० मीटर वारा एवढीच मुभा आहे. रेनॉल्ड्सच्या हिशेबाने ते पूर्ण गाडीच्या ताशी १०८ किलोमीटरएवढं झालं, आणि गाड्या पळतात ३०० च्या वर. तरी संघ काम करतातच. पण त्यांचं मॉडेल बारीकसारीक तपशिलांसह असतं, खालचा पट्टा फिरता असतो, आणि मुख्य भर ‘हा भाग की तो’ या फरकावर असतो. निकाल पुन्हा ट्रॅकवर पडताळून बघतात.

आणि टाट्राची कीव करायचं कारण नाही. फोक्सवॅगनच्या स्वतःच्या बीटलचा आकडा ०.४८ होता, त्यासमोर ०.३६ झकासच. माझं मागणं एवढंच, की यादीत ०.२४४ लिहाल तेव्हा शेजारी ‘मॉडेल, एकास पाच’ हेही लिहा.