उलटी थांबली, पण रक्तस्रावाचे काय?

टॉन्सिल काढल्यावर उलट्या झाल्या की मूल पाणीही पीत नाही, घरी जाणे लांबते. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच डेक्सामेथासोनची एक मात्रा देतात. जिनिव्हातील २१५ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या गटात ४४ टक्के मुलांना मळमळ वा उलटी झाली. मात्रा वाढत गेली तसे हे प्रमाण ३८, २४ आणि १२ टक्क्यांवर आले. रक्तस्राव मात्र त्याच क्रमाने ४, ११, ४ आणि २४ टक्के मुलांत दिसला. चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

हे आकडे नीट पाहा. पहिली मालिका पायरीपायरीने उतरते. दुसरी वरखाली होते. प्रत्येक गटात जेमतेम पन्नासेक मुले, आणि रक्तस्राव हा चाचणीचा मुख्य प्रश्नही नव्हता. थांबणे योग्यच, पण त्यावरून औषधाला दोषी ठरवणे घाईचे होते. २०१२ साली ३१४ मुलांवर, मोठीच मात्रा देऊन, नेमका हा प्रश्न तपासला गेला. पुन्हा दाखल करावे लागेल असा रक्तस्राव वाढलेला आढळला नाही. घरी झालेल्या किरकोळ रक्तस्रावाबद्दल शंका मात्र उरली.

दोन्ही मालिकांचे आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्या, आणि मगच निष्कर्ष विचारा.