कुणाचे परसदार, कुणाची कोंबडी?

गावरान कोंबडीला आज प्रतिष्ठा आली आहे. शहरात तिचे अंडे पांढऱ्या अंड्यापेक्षा महाग विकले जाते. सरकारी पत्रकांत 'परसातील कुक्कुटपालन' हा ग्रामीण स्त्रीच्या स्वावलंबनाचा मार्ग ठरतो. ललित लेखनातली खेड्यातली पहाट तर कोंबडा आरवल्यावाचून होतच नाही. या तिन्ही ठिकाणी कोंबडी आहे, तिच्याभोवतीची समाजरचना मात्र गाळलेली आहे. हे गाळणे निरागस नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जाणूनबुजून गावकोंबडा खाणारा द्विज पतित ठरवला आहे. तिसऱ्या अध्यायात त्याहून बोलके वचन आहे. ब्राह्मण जेवत असता चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, रजस्वला यांची दृष्टी त्याच्यावर पडू नये; कोंबड्याच्या पंखांचा वारासुद्धा ते अन्न निष्फळ करतो. माणूस, स्त्री आणि उकिरडा उकरणारा पक्षी यांना धर्मशास्त्राने एकाच रांगेत बसवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तो अशा रांगा लावण्याच्या अधिकारालाच नकार होता. आज त्या रांगेतला कोंबडा ताटात मानाने आला आहे. त्याला पोसणारी बाई कुठे आहे, हा प्रश्न उरतोच.

भूमिहीन बाईला कोंबडी परवडते, कारण तिला शेत लागत नाही. सांडलेले दाणे, किडे, वाळवी, खरकटे यांवर ती जगते. आठवडी बाजारात तिचे पैसे बाईच्या हातात पडतात. त्यातून मीठ-तेल येते, पोराची वही येते. पण 'परसातील' म्हणताना परसदार गृहीत धरलेले असते. वस्तीतल्या घराला ओटा असतो, पुढे रस्ता असतो आणि पलीकडे दुसऱ्याचे शेत. 'मुक्तसंचार' करणारी कोंबडी त्या शेतात शिरली की दगड येतो, शिवी येते, आणि शिवी कोंबडीला नसते. म्हणजे कोंबडीचा मुक्तसंचार हाही शेवटी जमिनीचाच प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने तो विचारला होता.

२०१९च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या २०१२च्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसते. या वाढीतला नफा कुणाचा, हे आकडा सांगत नाही. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण खुडूक होऊन बसते आणि २१ दिवसांत पिले काढते. गिरिराजा, वनराजा या सुधारित जाती शंभरावर अंडी देतात, मात्र सहसा खुडूक बसत नाहीत. नवी पिले उबवणी केंद्रातून विकत घ्यावी लागतात. जास्त अंड्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु उत्पादन वाढवताना पुनरुत्पादनाचे साधन बाईच्या डालग्यातून काढून घेतले, तर त्याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. दोन-चार देशी खुडूक कोंबड्या राखून त्यांच्याखाली अंडी बसवणे हा म्हणूनच मागासपणा नाही, ती मालकी आहे.

मानमोडीच्या लशीचेही तेच. एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. ती थंड ठेवायची आणि औषध कालवल्यावर काही तासांतच संपवायची. दहा कोंबड्यांची बाई त्या हिशेबात बसत नाही. वस्तीतल्या साऱ्या जणींनी एकाच दिवशी कोंबड्या टोचून घेतल्या तर बाटली पुरते, वायाही जात नाही. हे संघटनेचे काम आहे, आणि कार्यकर्त्यांनी ते क्षुल्लक मानू नये.

आपल्या लेखकांनीही खुराडे हे वर्णनाचे सामान म्हणून वापरू नये. कोंबडी कुणाची, ती कुठे चरते, पैसा कुणाच्या हाती जातो, हे ज्या लेखनात येत नाही, त्यातली पहाट कितीही सुंदर असो, ती आपली नव्हे.