नगर–बीड–परळी लोहमार्ग : अडचणींच्या व्यवस्थेची समीक्षा

एखादा मोठा प्रकल्प रखडला की त्याची कारणमीमांसा बहुधा ‘अडचणी आल्या’ एवढ्या शब्दांत आटोपली जाते. अडचणी जणू वळवाच्या पावसाप्रमाणे अवचित येतात व त्यांच्यापुढे योजकाचा इलाज चालत नाही, असा ध्वनी या शब्दप्रयोगात आहे. नगर–बीड–परळी लोहमार्गाच्या इतिहासापुढे हा समज कितपत टिकतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बीड जिल्ह्याची स्थिती या बाबतीत चमत्कारिक होती. जिल्ह्याच्या पूर्वभागात परळी येथे निजामी अमदानीपासून आगगाडी होती. परंतु खुद्द बीड शहर, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य ठाणे, लोहमार्गापासून दूर राहिले. पावसाच्या बेभरवशामुळे दरवर्षी ऊसतोडीसाठी सहकुटुंब पश्चिमेकडे जाणाऱ्या मजुरांचा हा जिल्हा होय. येथे लोहमार्गाची मागणी ही हौस नव्हती. केशरकाकू क्षीरसागर व गोपीनाथ मुंडे यांची नावे या मागणीशी लोकस्मृतीत जोडली गेली आहेत.

सुमारे २६१ किलोमीटरच्या या मार्गास १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३५३ कोटी रुपये होता. पुढे तो ४,८०० कोटींच्या वर गेला. म्हणजे एका किलोमीटरचा खर्च सुमारे १.३५ कोटींवरून १८ कोटींपलीकडे पोहोचला. ही वाढ केवळ महागाईच्या माथी मारता येणार नाही.

पहिली अडचण द्रव्याची. आरंभीच्या वर्षांत अर्थसंकल्पातील तरतूद तुटपुंजी होती. ज्या मार्गावर उत्पन्नाची खात्री नाही, तेथे हात राखून खर्च करणे हेच शहाणपण, असा युक्तिवाद यावर केला जातो. परंतु हा युक्तिवाद मंजुरीपूर्वीचा आहे. मंजुरीनंतर तो लागू पडत नाही. मार्ग निरुपयोगी असेल तर तो नाकारावा. उपयुक्त असेल तर त्यास पुरेसे द्रव्य द्यावे. मंजूर करून थेंबाथेंबाने पैसा देण्यात काटकसर साधत नाही. पुढे राज्यशासनाने निम्म्या खर्चाचा भार स्वीकारला व कामास गती आली, हे मान्य केले पाहिजे. मात्र दोन तिजोऱ्या आल्या की एकीने दुसरीची वाट पाहण्याचा धोकाही आलाच. त्याचा बंदोबस्त करारातच करावा लागतो.

दुसरी अडचण जमिनीची. एवढ्या लांबीच्या मार्गास जमीन लागणार, हे पहिल्याच दिवशी ठाऊक होते. ती वेळीच ताब्यात न आल्याने विलंब हाच खर्चाचा एक घटक बनला. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आला आणि त्यानुसार ग्रामीण जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. शेतकऱ्यास न्याय्य मोबदला मिळावा, यात खेद मानण्याजोगे काही नाही. खेद याचा की, मंजुरीनंतर अठरा वर्षे लोटली तरी जमिनीचा प्रश्न निकालात निघाला नव्हता. अशा वेळी शेतकऱ्यास प्रकल्पाच्या आड येणारा ठरविणे हे कारणाचा ठपका परिणामावर ठेवण्यासारखे आहे.

तिसरी बाब क्रमाची. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर–आष्टी या ६६ किलोमीटरच्या टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. टप्प्याटप्प्याने मार्ग खुला करणे योग्यच. पण आष्टीस थांबणारी गाडी ना बीडला जोडीत होती, ना परळीला. अशा अर्धवट टप्प्यावरील वर्दळीवरून साऱ्या मार्गाची उपयुक्तता ठरविणे म्हणजे अर्ध्या पुलावरून किती माणसे गेली, हे मोजण्यासारखे होय.

मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून बीडपर्यंतची गाडी सुरू झाली. मंजुरीपासून तीन दशके लोटली होती. परळीपर्यंतचा भाग तेव्हाही शिल्लक होता. या दिवसाचा आनंद यथार्थच होता. तथापि त्या आनंदात प्रश्न विरून जाऊ नये. द्रव्य, भूमी व क्रम या तिन्ही अडचणी आरंभीच दिसत होत्या. प्रत्येकीस मुदत व जबाबदार अधिकारी नेमून देणे शक्य होते. अडचण अकस्मात उद्भवली, असे म्हणण्याचा अधिकार योजकास तेव्हाच पोहोचतो, जेव्हा आधी दिसलेल्या अडचणींचा हिशेब त्याने चुकता केलेला असतो. या मार्गाच्या बाबतीत तो हिशेब तीस वर्षे थकला, आणि त्याचे व्याज बीडच्या प्रवाशाने एस. टी. च्या रांगेत उभे राहून फेडले.