बिंदू दाट, खातरी विरळ

लेझर स्कॅनिंग आणि मोबाइल मॅपिंग यंत्रणांच्या तुलनेच्या नावाखाली सध्या जे छापले जाते, त्यातील बहुतेक मजकूर सेकंदाला किती लाख बिंदू, किती मीटरचा पल्ला आणि किती किलो वजन या तीन रकान्यांपलीकडे जात नाही. आणि उद्योगातील खरेदीदार व अभियांत्रिकीचा विद्यार्थी या दोघांच्याही हाती हाच तक्ता पडत असल्यामुळे, टिपलेला बिंदू खरोखर त्याच्या जागेवर आहे की नाही, हा मोजणीशास्त्राचा मूळ प्रश्न मागेच पडतो. पॉइंट क्लाउड, म्हणजे प्रत्येकाचे अवकाशातील स्थान नोंदलेल्या कोट्यवधी बिंदूंचा संच, जितका दाट आणि रंगीत तितका विश्वासार्ह, असा समज त्यातून रूढ झाला आहे. तो साफ चुकीचा आहे, आणि गेल्या दीड दशकातील सर्वोत्तम काम नेमके त्याच्या विरोधात उभे आहे.

ट्रायपॉडवरच्या स्थिर स्कॅनरविषयी नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. यंत्र जागचे हलत नसल्याने त्याला फक्त एक अंतर आणि दोन कोन मोजायचे असतात, आणि ते काम तो मिलिमीटरांच्या हिशेबात चोख करतो. पाटणच्या राणी की वाव या पायऱ्यांच्या विहिरीचे ‘स्कॉटिश टेन’ प्रकल्पात झालेले दस्तऐवजीकरण याच शिस्तीचे फळ आहे. स्थिर स्कॅनरचा दोष वेळखाऊपणाचा आहे, खरेखोटेपणाचा नाही. उपग्रहांवर विसंबणारा ड्रोनवरील लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा संवेदक, छताखाली निरुपयोगी, आयपॅड प्रोमधला 2020 पासूनचा लायडार पाच मीटरांपुढे आंधळा, आणि 2023 पासून गाजत असलेले, छायाचित्रांतून त्रिमितीय दृश्य उभारणारे गॉसियन स्प्लॅटिंग पाहण्यासाठी असते, मोजण्यासाठी नव्हे. या तिघांना एवढी जागा पुरे.

गाडीवर बसवलेल्या यंत्रणेत प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, कारण तेथे स्कॅनर स्वतःच धावत असतो आणि प्रत्येक क्षणी तो कोठे होता व कोणत्या दिशेला वळलेला होता, हे उपग्रहांवरून स्थान सांगणारा जीएनएसएस ग्राहक आणि हालचालींची नोंद घेणारा आयएमयू, म्हणजे जडत्वमापक, यांच्या नोंदी जुळवून ठरवावे लागते. या मार्गाच्या नोंदीला ट्रॅजेक्टरी म्हणतात, आणि क्लाउडची खरी गुणवत्ता तीच ठरवते. दिशेत केवळ 0.1 अंशाची चूक झाली, तर 50 मीटरवरचा बिंदू जवळपास 9 सेंटिमीटर सरकतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत घड्याळांचा मेळ 10 मिलिसेकंदांनी चुकला, तर सुमारे 17 सेंटिमीटरचे अंतर पडते. आणि मेट्रोच्या पुलाखाली आकाशच झाकले गेले, की सेकंदाला दहा लाख बिंदू टिपणारा स्कॅनर दहा लाख चुकीचे बिंदू तितक्याच तत्परतेने टिपतो. अमेरिकेतील रस्ते-वाहतूक क्षेत्रासाठी 2013 मध्ये निघालेल्या एनसीएचआरपी अहवाल क्रमांक 748 ने अचूकता आणि बिंदूंची घनता हे दोन स्वतंत्र अक्ष मानून कामांची वर्गवारी केली, हे त्याचे मोठे श्रेय. कारण 5 सेंटिमीटरपेक्षा बारीक अचूकता आणि चौरस मीटरमागे 100 हून अधिक बिंदू या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीतून दुसरी आपोआप निघत नाही, हे त्यात लख्ख मांडलेले आहे. भारतात नकाशे व भूस्थानिक माहितीविषयीच्या केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी रस्त्यावरचे मोबाइल मॅपिंग, अचूकता कितीही असो, फक्त भारतीय संस्थांसाठी राखून ठेवले आणि 2022 मध्ये मुंबई, पुणे, नाशिकचे रस्ते स्ट्रीट व्ह्यूमध्ये आले; मोजणी कोणी करायची हे त्यामुळे ठरले, पण ती कशी तपासायची हे ठरवणे काम देणाऱ्याच्या अंगावर राहिले.

खरा जिवंतपणा मात्र स्लॅमच्या प्रवाहात आहे. स्लॅम म्हणजे उपग्रहांची मदत नसताना, भोवतालच्या भिंती-खांबांचा नकाशा रचत रचतच त्यातले स्वतःचे स्थान ओळखण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील स्प्रिंगवर डोलणारा हातातला झेबेडी स्कॅनर 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, कार्नेगी मेलन विद्यापीठातील लोम ही पद्धत 2014 मध्ये आली, आणि तळघर, बोगदा, कारखाना अशा ज्या जागी गाडीवरची यंत्रणा हात टेकते तेथे चालता चालता मोजणी शक्य झाली. या पद्धतींच्या परीक्षेसाठी 2012 मध्येच आलेल्या किटी या माहितीसंचाने सर्वांना एकाच रस्त्यावर उभे केले, परंतु त्यातील ‘सत्य’ स्थाने गाडीवरच्याच जीएनएसएस-आयएमयूकडून घेतलेली असल्याने त्या परीक्षेला मर्यादा होती. ती ओलांडली हिल्टी कंपनीच्या स्लॅम स्पर्धांनी: 2022 च्या संचात ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरमधील अरुंद जागा आणि बांधकामाच्या साइट आहेत, सत्य बिंदू स्वतंत्र सर्वेक्षणाने मिलिमीटरांच्या अचूकतेने ठरवलेले आहेत, आणि स्पर्धकाला कच्ची माहिती हाती देऊन उत्तर झाकून ठेवलेले आहे. यंत्रांची तुलना म्हणावी ती अशी.

बाजारातील बंद पेटीत, म्हणजे आतले गणित न दाखवणाऱ्या तयार यंत्रणेत, हे नेमके उलटे घडते. लांब कॉरिडॉरमधून फेरी मारून हातातला स्कॅनर सुरुवातीच्या दारापाशी परत आणला आणि जुळवणीपूर्वीच्या क्लाउडचा छातीच्या उंचीवर आडवा काप घेतला, तर कित्येकदा एकाच भिंतीच्या दोन समांतर रेषा दिसतात. एक जातानाची, दुसरी परततानाची, आणि त्यांच्यातले अंतर म्हणजे वाटेत साचलेली चूक. सॉफ्टवेअर सुरुवातीची जागा ओळखून ही चूक सर्व मार्गावर वाटून टाकते, जसे विद्यार्थी क्लोज्ड ट्रॅव्हर्समधली चूक बाउडिचच्या नियमाने बाजूंवर वाटतात. फरक इतकाच, की ट्रॅव्हर्समध्ये चूक किती होती ते वहीत लिहिलेले असते, तर पेटीतून बाहेर येते ती एकच गुळगुळीत भिंत. दारापाशी जागेवर आलेली, आणि कॉरिडॉरच्या मध्यावर कदाचित चार सेंटिमीटर वाकलेली. काप घेऊनही ती वाकलेली भिंत ओळखता येत नाही, कारण दुसरी रेषा पुसली गेलेली असते.

ट्रॅजेक्टरी आणि कच्च्या नोंदी ग्राहकाला न देणे हा सोयीचा भाग आहे, असे विक्रेते सांगतात. सोय आहे खरी, पण ती विक्रेत्याची. जो सर्वेक्षक नकाशावर सही करतो, त्याने न पाहिलेल्या गणिताची जबाबदारी का घ्यावी? आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी लाखो रुपये खर्चून अशी पेटी घेण्यात विद्यार्थ्यांचे कोणते शिक्षण साधते? बटण दाबणे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. लिव्हॉक्ससारखा स्वस्त संवेदक, हाँगकाँग विद्यापीठाचा खुला फास्ट-लिओ प्रोग्राम, मोफत क्लाउडकम्पेअर सॉफ्टवेअर आणि कपाटात पडून असलेले टोटल स्टेशन एवढ्यावर विद्यार्थी स्वतः मार्ग काढू शकतो, स्वतंत्रपणे मोजलेल्या नियंत्रण बिंदूंशी तो ताडू शकतो आणि चूक कोठे, किती व का झाली हे लिहू शकतो. चूक मोजता येणे हेच या विद्येचे सार आहे, आणि ते टाळणारा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला विक्रेत्याचा चालक बनवतो.

उद्योगापुढची वाटही यापेक्षा वेगळी नाही. अमेरिकन छायाचित्रमिती व दूरसंवेदन संस्थेच्या, म्हणजे एएसपीआरएसच्या, मानकाची 2023 ची आवृत्ती अचूकतेचा दावा मान्य करण्यासाठी किमान 30 स्वतंत्र तपासणी बिंदू मागते. आपल्याकडील निविदांनीही तेवढीच मागणी करावी आणि जोडीला कच्ची माहिती, ट्रॅजेक्टरी व जुळवणीपूर्वीची चूक सक्तीने सुपूर्द करून घ्यावी. यामुळे काम महागेल, हा आक्षेप टिकणारा नाही, कारण वाकलेल्या भिंतीवर आखलेली पाइपलाइन पुन्हा उखडण्याचा खर्च तपासणीच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा कधीही मोठाच असतो. जो विक्रेता या अटीला नकार देईल, त्याचे यंत्र सेकंदाला कितीही बिंदू टिपत असले, तरी इतर यंत्रांशी त्याची तुलना करण्याचे कारणच उरत नाही.