‘ब्रिसल’ : व्युत्पत्ती, अर्थविस्तार आणि अनुवाद

इंग्रजीतील ‘ब्रिसल’ या शब्दाचा मूळ अर्थ डुकराच्या अंगावरील राठ, ताठ केस असा आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘बिर्स्ट’ या शब्दाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. जर्मन ‘बोर्स्टे’ हा त्याचा सहोदर होय. टोक या अर्थाचा संस्कृत ‘भृष्टि’ हा शब्दही याच कुळातील मानला जातो. ऋग्वेदात इंद्राच्या वज्राला ‘सहस्रभृष्टि’ असे विशेषण आहे. म्हणजेच शब्दाच्या मुळाशी केसापेक्षा टोकदारपणा अधिक आहे.

पुढे नामाचे क्रियापद झाले. डिवचलेल्या जनावराचे केस उभे राहतात; त्यावरून माणसाचे रागाने ताठरणे सूचित होऊ लागले. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात तर प्रत्यक्ष युद्धच कुत्र्याप्रमाणे मानेवरचे केस फुलवते.

अनुवादाचा प्रश्न येथेच उद्भवतो. ‘अंगावर काटा उभा राहणे’ हा मराठी वाक्प्रचार चित्रदृष्ट्या जवळचा आहे. परंतु त्यात भीती, थंडी वा थरार असतो, क्रोध नव्हे. क्रोधासाठी मराठी ‘फणा काढणे’ म्हणते. तेथे डुकराची जागा नाग घेतो. सारांश, अनुवादकाने केसाला नव्हे, तर त्यामागील पवित्र्याला प्रतिशब्द शोधणे आवश्यक ठरते.