‘वैयक्तिक काही नाही, पण...’

‘वैयक्तिक काही नाही, पण’ असं कुणी म्हणालं की मी सावरून बसते. त्या ‘पण’नंतर जे येतं ते हमखास वैयक्तिक असतं.

२८ मे २०१७. ताकुमा सातोनं ‘इंडियानापोलिस ५००’ ही अमेरिकेतली मानाची मोटार शर्यत जिंकली. ती जिंकणारा तो पहिलाच जपानी. ‘डेन्व्हर पोस्ट’चे स्तंभलेखक टेरी फ्राय यांनी ट्विटरवर लिहिलं की वैयक्तिक काही नाही, पण मेमोरियल डेच्या वीकेंडला जपानी ड्रायव्हर ही शर्यत जिंकतो याने मी फार अस्वस्थ होतो. मेमोरियल डे म्हणजे मे महिन्यातला शेवटचा सोमवार, अमेरिकेच्या युद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा. त्याच सोमवारी पेपरनं त्यांना काढून टाकल्याचं जाहीर केलं.

मग नेहमीचे दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं, घाण गेली. दुसरा म्हणे, आता मनातलं बोलायचीही चोरी. वाक्य मात्र फारसं कुणी वाचलं नाही.

ते वाचू या. त्यात ड्रायव्हरला नाव नाही. गाडी नाही, वेग नाही, शेवटच्या फेऱ्यांत एलिओ कॅस्ट्रोनेव्हेसला मागे ठेवतानाची झुंज नाही. सातोचा जन्म १९७७चा, युद्ध संपलं १९४५ला. तो ज्या अँड्रेटी संघाकडून धावला तो अस्सल अमेरिकी. क्रीडा-लेखकाचा सगळा ऐवज बाहेर ठेवून उरते ती फक्त जात. वांशिक मजकूर म्हणून तर हे वाईट आहेच, पण क्रीडालेखन म्हणूनही भिकार आहे.

त्यांचा माफीनामा मला जास्त खटकला. फ्राय यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकवर विमानं उडवत होते. माफी मागता मागता फ्राय वडिलांकडे वळतात, ते ठीक. पण तिथे स्वतःच्या ‘थर्ड डाउन अँड अ वॉर टू गो’ या पुस्तकाचं नावही येतं. माफीत जाहिरात! त्यातली गंमत अशी की ते पुस्तक १९४२च्या विस्कॉन्सिन फुटबॉल संघातल्या युद्धावर गेलेल्या पोरांबद्दल आहे. म्हणजे या माणसाला एकेका सैनिकाला नाव द्यायचं कसं, हे चांगलं ठाऊक होतं.

आणि डेन्व्हर कोलोराडोत आहे. त्याच राज्यात अमाचीची छावणी होती. युद्धकाळात जपानी वंशाच्या हजारो लोकांना तिथे काटेरी तारेआड ठेवलं होतं, त्यातले बहुसंख्य अमेरिकी नागरिक. याच समाजातली तरुण मुलं ४४२व्या रेजिमेंटमधून अमेरिकेसाठी लढली, मेली. मेमोरियल डे त्यांचाही आहे. सातो त्यांच्यापैकी नव्हे, तो जपानचाच. पण त्या दिवसाच्या नावानं अस्वस्थ होणाऱ्यानं थडग्यांवरची नावं आधी वाचायला हवी होती.

‘मत मांडलं म्हणून काढलं’ म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडचा एक दाखला. २०१९च्या विश्वचषकात संजय मांजरेकरांनी जडेजाला ‘थोडं हे, थोडं ते’ करणारा खेळाडू म्हटलं. जडेजा भडकला, चाहते तुटून पडले, उपांत्य सामन्यात त्यानं ७७ धावा ठोकल्या. मांजरेकर साफ चुकले असतील, पण त्यांचं मत खेळाबद्दल होतं, म्हणून बॅटनं खोडता आलं. सातोनं काय खोडावं? जन्म?

तरी पेपरची घाई मला पटत नाही. नोकरी गेली याचं मला दुःख नाही. पण एका दिवसात माणूस बाहेर काढला की पेपर स्वच्छ होतो आणि प्रश्न तसाच राहतो. मी संपादक असते तर फ्राय यांना आधी अमाचीला पाठवलं असतं, तिथून दोन हजार शब्द मागितले असते आणि मग काय ते ठरवलं असतं.

२०२०मध्ये सातोनं ही शर्यत पुन्हा जिंकली. करोनामुळे त्या वर्षी ती ऑगस्टमध्ये झाली होती. मेमोरियल डे कधीच होऊन गेला होता.