जात्याची घरघर आणि ‘ध्वनिपरिसर’

कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर यांनी रूढ केलेली ‘ध्वनिपरिसर’ ही संकल्पना मौखिक साहित्याला लावून पाहिली की तिची मर्यादा जाणवू लागते. ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ (१९७७) या ग्रंथात, प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो तो परिसर श्रेष्ठ आणि यंत्रांच्या गलबल्यात आवाज बुडतात तो निकृष्ट, अशी मांडणी आहे. १९७५ मध्ये शेफर यांच्या गटाने युरोपातील पाच खेड्यांत ध्वनिमुद्रण केले, तेही याच दृष्टीने. पुढे ‘अ साउंड एज्युकेशन’ (१९९२) मधील शंभर पाठांनी या दृष्टीला कार्यशाळेचे रूप दिले. ऐकू येणारे सर्व आवाज लिहून काढा, हा त्यातील पहिलाच पाठ.

हा पाठ महाराष्ट्रातील खेड्यात दिला तर काय घडेल? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. कागदावर ओवी दोन ओळींची असते. गळ्यात ती अर्ध्यावरून मागे वळते, ‘गं बाई’सारखी संबोधने मध्ये घेते, चरण पुन्हा उचलते. या वळणाचा संबंध खुंट्याच्या फेऱ्याशी आणि घास टाकण्यासाठी सुटणाऱ्या हाताशी आहे. संहितेवरच विसंबणाऱ्या अभ्यासाला (मराठीतील बहुतेक संकलने अशीच आहेत) ही पुनरुक्ती पाल्हाळ वाटते आणि ती गाळली जाते. ध्वनिमुद्रण येथे संहितेचे परिशिष्ट नसून छंदोविचाराचा पुरावा आहे.

शेफर यांची मांडणी मात्र याच ठिकाणी अपुरी पडते. त्यांच्या निकषाने जात्याची घरघर जपण्याजोगी आणि पिठाच्या गिरणीचा आवाज हा प्रदूषण ठरतो. ज्या बाईला पहाटे अंधारात उठून दळावे लागे, तिला गिरणीच्या आवाजात सुटका ऐकू आली असेल, ही शक्यता या वर्गीकरणात बसत नाही. त्याच गिरणीने ओवीचे प्रयोजनही संपविले. कष्ट गेले, आणि कष्टांविषयी उघड बोलण्याची एक जागाही गेली. कारण सासर, नवरा, दारिद्र्य यांविषयी अन्यत्र न उच्चारता येणारे शब्द जात्यापाशी निर्धास्त उच्चारले जात. गिरणी आल्यानंतर मुद्रित झालेल्या ओव्यांत तर अनेकदा केवळ गळाच ऐकू येतो, दगड नाही. अशा मुद्रणातील शांततेला शेफर यांच्या अर्थाने ‘स्वच्छ’ म्हणणे कठीण आहे.